हरवलो मी होतो, उत्तम

उत्तम, उद्या तुह्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, अन् मले दोन शब्द बोलाले सांगतलं. मले! आपल्या कृषी केंद्राच्या मालकायनं सोता फोन केला. म्हणे, "सुखदेव, तू त्याचा लहानपणचा दोस्त, तूच बोल. पण रडारड नको करू, जराक हसव लोकायले. उत्तमले हसणं आवडे." म्हणजे पाह्य, तू मेला तरी मले कामं तेच दोन, पोते उचलणं अन् लोकायले हसवणं. पोते आता कंबर उचलू देत नाही. राह्यलं हसवणं.

तुही संगीता सगळ्यायच्या आठवणी एका वहीत लिहून विहारात ठेवणार हाय. मले म्हणे, "काका, तुम्ही मोबाईलमंधी बोला, मी उतरवून घेते." म्हणून भर दुपारी घराच्या मांगं निंबाखाली बसून एकटाच बडबडून राह्यलो. लाल टिकली दाबली का आवाज भरते, हे तूच शिकवलं होतं. सामनेवाली बाई कवाची टकमक पाहून राह्यली. तिले वाटते, सुखदेवचं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, फिराले आंधी असाव लागते.

संगीता, तू आयकजो, पण हे तुह्या बापाशी बोलणं हाय. माहे शब्द सुधरवू नको.

तं उत्तम, मले भेव एकाच गोठीचं हाय. उद्या माईक हातात आला का लोक म्हणतीन, सुखदेव, बँकॉकची गोठ सांग. तू बँकॉकमंधी कसा हरपला अन् मी तुले कसं हुडकलं, ते. किती लग्नात सांगतली, किती वरातीत सांगतली. तू बाजूले बसून हासे. त्या गोठीत एक खोटं हाय, हे तुले माहीत, मले माहीत. तिसऱ्या कोणाले नाही. उद्या मी खरं सांगणार हाय. ठरवलं. तुह्यापुढं आज तालीम करून घेतो. काही चुकलं तं... चुकलं तं आता मले मधात कोण टोकन?

कुठून चालू करू? दुकानापासून करतो.

आपल्या दुकानात तू काउंटरवर अन् मी गोडाऊनात. तू अक्षरावर चाले, मी रंगावर. पिवळ्या पट्ट्याची थैली सोयाबीन. लाल झाकणाची बाटली अळीची. जिच्यावर बाई हासते ते मका. लोकायले वाटे सुखदेव लय हुशार, न वाचता माल काढते. मंग एका साली कंपनीनं त्या बाईले कपाशीच्या थैलीवर नेऊन बसवलं, अन् मी अर्ध्या रोहिणखेड गावाले मक्याच्या जागी सरकी देऊन बसलो. तू सायकलवर घरोघर गेला, थैल्या बदलून आणल्या. मालकाले कळू देल्लं नाही. मले एवढंच म्हणला, "सुख्या, बाईच्या हासण्यावर नको जात जाऊ बे."

तवाच मले समजाले पाह्यजे होतं का हा माणूस माहं झाकत जाईन.

मंग ते स्कीमचं आलं. माल जास्त विकला का कंपनी दुकानदाराले बँकॉक दाखवे. आपल्या मालकाले दोन तिकिटं लागले. मालकाचे गुडघे गेलेले, मालकीणबाईले विमानाचं भेव. मालक म्हणे, "उत्तम, तू जाय. वीस साल काउंटर सांभाळलं." तुह्या घरी वहिनी म्हणे, "मले मोताळ्यापर्यंत येष्टीत मळमळते, मी काही त्या विमानात बसत नाही." अन् तू लगेच म्हणला, "मंग दुसरं तिकीट सुख्याचं." सगळं दुकान हासलं. मीही हासलो. मले वाटलं गंमत करून राह्यला.

माह्या पासपोर्टवर सहीच्या जागी अंगठा हाय. मले लाज वाटे. तू म्हणे, "सही कोणीही करन, असा अंगठा साऱ्या दुनियेत दुसऱ्याचा नाही."

पण तुले बँकॉक पाह्यचं नव्हतं, तुले एकच पाह्यचं होतं. तुह्या बापानं कॅलेंडरातून कापून भिंतीले चिटकवलेला तो आडवा बुद्ध. लहानपणी तुह्या घरी आलो का मी त्याच्याखालीच बसो. भिंतीले ओल येऊन कागदाचा पोपडा निघाला होता, अन् तोही नेमका तोंडावरचा. गळ्यापासून पायापर्यंत बुद्ध, वरतं पांढरी भित. मी विचारो, "हा कोण निजला?" तू म्हणे, "निजलेले नाहीत बे. शेवटचे आडवे झाले, तरी लोकायशी बोलूनच राह्यले होते." तुह्या बापाले त्याचं तोंड कसं होतं ते आठवे, तुले आठवत नव्हतं. पन्नास वर्सं तुह्या डोक्शात ते तोंड कोरंच होतं. ते भराले निघाला होता तू. अन् संगं घेतलं कोणाले, तं मले.

तिथं उतरल्या उतरल्या मले लय बरं वाटलं, खरं सांगतो. साऱ्या पाट्या त्यायच्या भाषेत. गोल गोल अक्षरं, जशा चकल्या पाडल्या. खामगावचे सेठ, मलकापूरचे सेठ, सारे शिकले-सवरलेले डीलर माना वर करून पाहत उभे, अन् एकालेही वाचता येईना. मी तुह्या कानात म्हटलं, "आज सारी टोळी माह्या बरोबरीत आली." तू एवढा हासला का गाईड पोरगीनं वळून पाह्यलं. तिच्या हातात काडीले बांधलेला पिवळा झेंडा होता. हिंदी तोडकं-मोडकं बोले. म्हणे, झेंडा देखो, झेंडा के पीछे चलो. मी म्हटलं, बाई, हे तं माहंच काम, रंग पाहून चालणं.

मंदिराच्या दिवशी सकायीच पाण्यावरच्या बजारात नेलं. साऱ्या बाया डोंग्यात बसून आंबे, नारळ, टोप्या विकून राह्यल्या. मी एकीले म्हटलं, "बाई, आंबा कवळा हाय, देठ पाह्य." ती तिच्या भाषेत कायतरी कडकडली. तू म्हणे, "ती म्हणते, घ्याचा तं घे, नाही तं सरक, मांगं गिऱ्हाईक हाय."

"तुले कसं समजलं बे?"

"मोताळ्याच्या बजारात बाया वेगळं काय म्हणतात?"

मंग मले फोटोची हौस आली. हालत्या डोंग्यात मी कमरेवर हात देऊन उभा राह्यलो. डोंगा असा कलंडला का खामगावच्या सेठची नवी टोपी गेली पाण्यात, पोहत पोहत थेट नारळवालीच्या डोंग्याले लागली. तवापासून सेठ माह्याकडं असे पाहत, जसं पोतं फाटून माल सांडल्यावर पाह्यते माणूस.

मंग मंदिर, त्या आडव्या बुद्धाचं.

फाटकाजवळ कमळाच्या कळ्या विकाले होत्या. तू म्हणे, "सुख्या, इथंच थांब. हालू नको. कळी घेऊन येतो, मंग संगच आत जाऊ." संगच, हे तू दोनदा म्हणला. मी थांबलो. खरंच थांबलो. पण तेवढ्यात पिवळा झेंडा माह्या समोरून निघाला, अन् माहे पाय निघाले. पन्नास वर्साची सवय, उत्तम. रंग हालला का सुखदेव हालते.

आत जाताना चपला एका पिशवीत टाकून हातात देतात. मले ते मोठं नवल वाटलं. पिशवी हातात, नजर झेंड्यावर. आजूबाजूचे लोक काही आपले दिसेनात, गोरे-गोरे, उंच-उंच. मले वाटलं, आपल्या डीलरायनं टोप्या बदलल्या असतीन. आता तू म्हणशीन, टोप्या बदलल्यानं माणूस गोरा होते का? नाही होत. पण मी माणसाकडं पाह्यलंच कुठं, मी झेंड्याकडं पाहत होतो. हरवू नये म्हणून.

असं करून मी सारा बुद्ध फिरून दुसऱ्या दारानं बाहेर निघालो. चपला घातल्या, झेंड्याच्या मांगं बसमंधी चढलो. आपल्या बसच्या मांगं हत्ती काढलेला होता, तो मी ध्यानात ठेवला होता. मले काय माहीत, त्या देशात बसवर हत्तीच असते. आत गारेगार हवा. मी निजलो. एका बाईनं हालवून उठवलं. ते लोक माणसं मोजून राह्यले होते अन् एक जास्तीचा भरत होता. साऱ्या आयुष्यात मी पह्यल्यांदाच कुठं जास्तीचा भरलो, नाही तं आपला हिशोब कायम कमीचाच. त्यायनं हात धरून, नमस्कार करून मले तिथंच मंदिराच्या मांगं खाली उतरवलं. माणसं चांगले होते. पाण्याची बाटली बी देल्ली.

बस गेली अन् मी रस्त्यावर एकटा. तवा मी खिसे चाचपले. खिशात हाटेलचं कार्ड होतं, चकल्याच्या अक्षराचं. कोणाले काय विचारू? माही मराठी मोताळ्याच्या बाहेर बुलढाण्यातच लोकायले हसू आणते, तिथं कोण समजन?

मंग मले माही माय आठवली.

तुले आठवते न सैलानीची जत्रा? आपण सात-आठ वर्साचे असू. माह्या मायनं दोघायचे दंड धरून सांगतलं होतं, "पोट्टेहो, हरपले तं हुडकत फिरू नका. चपला काढल्या तिथं येऊन बसजा. मी तिथंच येईन." अन् तू म्हणला होता, "काकू, सुख्याच्या पायात तं चपलाच नाहीत." माय म्हणे, "मंग तू तुह्या चपलाजवळ बसजो, अन् सुख्या, तू उत्तमच्या चपलाजवळ." तवापासून तोच नेम. कुठंही गेलो, लग्नात, मेळ्यात, दवाखान्यात, चुकामूक झाली का मी तुह्या चपला हुडको.

बँकॉकमंधी मी तेच केलं. मंदिराची लांबच लांब भित धरून चालत गेलो. जिथं माणसं बसले दिसले तिथं त्यायच्या पायाकडं पाहत. कितीतरी लोक दचकले. अन् मंग दिसल्या. खामगावहून प्रवासासाठी घेतलेल्या तुह्या चामडी चपला. फाटकाजवळ, बाजूले काढून नीट जोडीनं ठेवलेल्या. अन् त्यायच्याजवळ तू. मांडी घालून. हातात कमळाची कळी, उन्हानं मान टाकलेली.

दोन घंटे, उत्तम. दोन घंटे तू तिथं बसला होता. सारे जण आत जाऊन पाहून आले, तू उठला नाही. गाईडनं हात धरून ओढलं तरी नाही. मी आलो तवा तू रागावला नाही, एवढंच विचारलं, "जेवला का कुठं?"

मी म्हटलं, "तू आत गेला नाही?"

"चपला सोडून कसा जाऊ? तू आला असता तं?"

तेवढ्यात गाईड पळत आली, बस निघाली म्हणे, चलो चलो. तू एकदा आत पाह्यलं. तिथून काहीच दिसत नव्हतं, दुसरी भितच होती आडवी. तू ती कळी फाटकाच्या पायरीवर ठेवली, चपला घातल्या, अन् निघालो आपण.

आता खोट्याचं सांगतो.

बसमंधी चढलो तं सारे तोंड फुगवून. आपल्यापायी मगरीचा खेळ हुकला होता. खामगावचे सेठ उभे राह्यले. म्हणे, "हमालाले फॉरेन दाखवाले निघाले! तरी मी कालच म्हणत होतो, याले काऊन आणलं? सकायी टोपी बुडवली, आता साऱ्यायचा दिवस बुडवला." मी खाली पाह्यलं. मी जोकर माणूस, मले कोणी येडा म्हटलं तं मी दोन येडेपण अजून काढून दाखवतो. पण 'याले काऊन आणलं' याच्यावर येडेपण काढता येत नाही.

तू मधातून बोलला. शांत. "सेठ, हरवलो मी होतो. सुखदेव मले हुडकत होता. त्याले बोलू नका."

"तुम्ही? तुम्ही तं शिकलेले माणूस."

"म्हणून तं. वाचता येते असं वाटे, पाट्या पाहत फिरलो अन् चुकलो."

सेठ हासले. सारी बस हासली. तिथंच मिटत होतं, उत्तम. मी नुसता चूप बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी काय केलं? मी मान वर केली अन् म्हटलं, "हो न सेठ, पाय तुटले माहे याले हुडकू हुडकू."

हे मले कोणी बोलाले लावलं नव्हतं. माह्याच तोंडातून निघालं. तू माह्याकडं पाह्यलं अन् हासला. ते हासणं मी अजून पचवून राह्यलो.

संध्याकाळी एका उंच इमारतीवर नेलं. लिफ्टमंधी माहे कान बंद झाले. वरतं जमीनच हळूहळू फिरे, घाण्याच्या बैलासारखी. सारे काचेले चिटकून शहर पाहून राह्यले, खाली दिवे लागून राह्यले. तू शहराकडं पाठ करून बाकड्यावर बसला अन् म्हणला, "सांग."

"काय सांगू?"

"पाह्यलं ते. पायापासून सांग. घाई नको करू."

साऱ्या आयुष्यात तू मले वाचून दाखवलं. सातबारा वाचला, दवाखान्याची चिठ्ठी वाचली, माह्या पोरीच्या सासरचं पत्र वाचलं अन् त्यातलं वंगाळ तेवढं गाळून वाचलं, हे मले मांगून समजलं. त्या दिवशी पह्यल्यांदा मी तुले काही वाचून दाखवणार होतो.

मी म्हटलं, "उत्तम, आपल्या जिनिंगच्या गोडाऊनाएवढं लांब हाय ते. अन् एकदम दिसतच नाही. मधात खांब. एका खांबातून गुडघा दिसते, दुसऱ्यातून हात. मले तं वाटलं, हे उचलाचं ठरलं तं साऱ्या जिल्ह्याचे हमाल लागतीन. अन् तळवे! मी खाली उभा राह्यलो तं तळवा माह्या डोक्शाच्या वरतं. काळे तळवे, त्यात शिंपल्याचं काम, चमचम करते. झेंडाही तिथं थांबला होता, मी तिथंच उभा राह्यलो. हमाल माणूस, आंधी पाय पाह्यते. एक भेग नाही, उत्तम."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"एवढं चालून?"

तू माह्या पायाकडं पाह्यलं. माह्या टाचेत तं चार आण्याचं नाणं उभं राह्यन. आपण दोघंही हासलो. मंग तू विचारलं, "अन् तोंड? डोळे उघडे हायत का मिटलेले?"

तिथं मी फसलो. तोंडाजवळून गेलो तवा मी झेंडा पाहत होतो. तुह्या बापाच्या भिंतीवर जेवढा पोपडा होता, तेवढाच माह्याही डोक्शात. मी ठोकून देल्लं, "मिटलेले. निजला म्हणजे मिटलेलेच असतीन."

"निजलेले नाहीत बे!"

झालं. तिथून जे भांडण लागलं, ते बारा-तेरा वर्सं. दुकानात, बांधावर, चहाच्या टपरीवर. तू मधातच विचारे, "खरं सांग, मिटलेले होते?" मी म्हणो, "मोबाईलमंधी पाहून घे न, पोट्टे एका मिनिटात काढून देतात." तू म्हणे, "मोबाईलमंधी पाह्यचं असतं तं विमानात काऊन बसलो? तू पाह्यलं, तू सांगजो." मंग मी चिडवाले म्हणो, "मिटलेले."

गावात आलो तं गोठ आपल्याआंधी आलती. तू झाला 'हरपलेले उत्तमराव'. बी-बियाणं घ्याले येणारा म्हणे, "उत्तमराव, गोडाऊनात जाता तं सुखदेवले संगं न्या." मी त्यात अजून मीठमिरची टाको. तू एका मगरीजवळ रडत बसला होता, असंही सांगतलं मी एका हळदीत. तिथं लोक लोळून हासले. तू मंग घरी येताना म्हणला, "मगर लय चांगली टाकली."

विहारात तुले बुद्धाविषयी सांगाले लावलं. तू अर्धा घंटा बोलला. खांब, शिंपले, काळे तळवे. सारं माहं सांगतलेलं, पण तुह्या तोंडून आयकताना मलेच वाटलं का हे मी पाह्यलंच नव्हतं, आता दिसून राह्यलं. म्हातारी गयाबाई विचारे, "अन् डोळे रे, बाबू?" तू म्हणला, "माय, तिथं गेल्यावर नजर पायावरच राह्यते." मी मांगं, दाराजवळ, चपलायच्या ढिगापाशी बसलो होतो. तू साऱ्यायच्या डोक्यावरून माह्याकडं पाह्यलं.

त्या दिवशी मी तुले म्हटलं, "उत्तम, सांगून टाकू का खरं?" तू म्हणला, "आता काय सांगतं? साऱ्या गोठीत येडा तूच असतं. एक तं मले राहू दे."

मले राग येते तुह्या त्या बोलण्याचा. हो, आज राग येऊन राह्यला. मोठेपणा तू घेतला, खोटं माह्या वाट्याले ठेवलं, अन् निघून गेला. साऱ्या आयुष्यात मी जे सांगतलं ते सोताच्या आंगावर सांगतलं. एकच गोठ दुसऱ्यावर ढकलली, अन् ती तुह्यावर.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुह्या आवाजात दम नव्हता. तरी तू बोटानं जवळ बोलावलं. "सुख्या. डोळे?"

मी म्हटलं, "उघडे होते."

"मंग एवढे दिवस?"

"तुले चिडवाले."

तू हासला. हासता हासता खोकला आला, नर्सबाई मलेच वरडली. थाप होती ती, उत्तम. मले अजूनही माहीत नाही. पण तुह्या तोंडावर असं झालं, जसं कोणी भिंतीवरचा पोपडा भरून काढला.

बस. उद्या मी एवढंच बोलणार. हरवलो मी होतो, आत गेलो बी मीच, अन् हा माणूस माह्यासाठी बाहेर बसला.

*

झालं. काल झालं.

माईक हातात घेतला. विहार भरलेला. तुहा फोटो, समोर मेणबत्त्या, अन् मले समोर मालक दिसले. मी म्हटलं, "लोकहो, बँकॉकमंधी उत्तम हरवला नव्हता. हरवलो मी होतो."

हासले, उत्तम. सारे हासले.

मी म्हटलं, "हासू नका, खरं सांगून राह्यलो." अजून हासले. मांगून एक जण म्हणे, "घ्या, सुखदेवनं हेही आपल्याच आंगावर घेतलं!" मी माह्या मायची आण घेतली. झेंड्याचं सांगतलं, हत्तीच्या बसचं सांगतलं, जास्तीचा भरलो ते सांगतलं. जितकं खरं सांगो तितकं लोक पोट धरून हासत. साऱ्या आयुष्याची कमाई हाय ही, मी सोताविषयी बोललेलं कोणाले खरं वाटत नाही. मंग मी चपलायचं सांगाले लागलो अन् माईकमंधीच रडलो. तवा लोकायचं हासणं थांबलं. अन् मालक उभे राह्यले, डोळे पुसत म्हणाले, "पाहा, दोस्ती याले म्हणतात. मेलेल्या माणसाची इज्जत झाकाले हा सोताले येडा ठरवून राह्यला."

अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या.

समजलं का तुले काय झालं ते? जे तू माह्यासाठी केलं, ते लोक म्हणतात मी तुह्यासाठी करून राह्यलो. खरं बोलाले गेलो तं तुहं तेवढं मोठेपणही उचलून माह्याच पोत्यात आलं. मी माईक ठेवला अन् बाहेर येऊन बसलो.

आज सकायी तुह्या घरी आलो. परवा मोबाईलमंधी भरलेलं संगीतानं आयकलं होतं. डोळे सुजलेले. म्हणे, "काका, फोटो काढून दाखवू का? बुद्धाच्या डोळ्यायचा?" मोबाईल तिच्या हातातच होता. एक मिनिटाचं काम.

मी म्हटलं, "ठेव. तुह्या बापानं नाही पाह्यला. मी काऊन पाहू?"

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणे, "भाऊजी, मले माहीत होतं."

"कसं?"

"बँकॉकहून आले तवा मी विचारलं, कसे होते बुद्ध? तं म्हणे, सुख्याले विचार. पन्नास वर्सं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते पाहून आलेला माणूस असं म्हणते का?" मंग दाराकडं पाहून म्हणाल्या, "त्यायच्या चपला हायत अजून. कोणाले देऊन टाकाव म्हणते. तुमच्या पायात येतीन का?"

त्याच हायत, खामगाववाल्या. दोनदा तळवा बदललेल्या. दाराच्या बाजूले, नीट जोडीनं. मी म्हटलं, "वहिनी, माहे पाय त्यात मावत नाहीत. राहू द्या अजून थोडे दिवस तिथंच."

त्यायनं चहा खाली ठेवला अन् आत गेल्या.

तं मी इथं बसलो हावो, उत्तम. तुह्या चपलाजवळ, माह्या मायचा नेम हाय तसा. या बारीले तू आत गेला अन् मी बाहेर हावो. सावकाश पाह्य. पायापासून पाह्य, खांबाखांबातून पाह्य, घाई नको करू. डोळे उघडे हायत का मिटलेले, तेवढं ध्यानात ठेवजो. मी कुठंच जात नाही. झेंडा आला तरी उठत नाही.

बस गेली तं जाऊ दे.